आईला 'स्टडी'त घेऊ म्हणतात, सही करावी का? क्लिनिकल ट्रायलचे अनुभव हवेत

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ५८ वर्षांची. आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या काठाला. श्रावणात आईच्या डाव्या स्तनात गाठ लागली. ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला. केमोचे सगळे डोस झाले, केस गेले. आता लाईट द्यायचे आहेत (रेडिएशनला आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात).

परवा पुण्यातल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, एक स्टडी चालू आहे, आई त्यात बसतात. निम्म्या बायकांना नेहमीसारखे तीन आठवडे, एकूण १५ वेळा लाईट. उरलेल्यांना एकाच आठवड्यात ५ वेळा, पण दर वेळेचा डोस जास्त. कुणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार. एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले. बाहेर कॉरिडॉरमध्ये एक मुलगी फाईल घेऊन उभी होती. मराठीत छापलेली चौदा-पंधरा पानं. "इथे, इथे आणि शेवटच्या पानावर इथे." आईनं साक्षरता वर्गात सही शिकलेली. पेन कागदावर टेकवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, वाचून उद्या-परवा देतो. ती मुलगी म्हणाली, आजच नाव घालायचं असतं. तरी मी कागद पिशवीत घातले आणि आईला घेऊन निघाले. तेव्हापासून झोप नाही.

बापू म्हणतात, गरिबावरच प्रयोग करतात, सही द्यायची नाही. आईचं वेगळंच. ज्वारी काढणीला आलीय आणि तीन आठवडे पुण्यात राहायचं म्हणजे मामाच्या अप्पर वस्तीतल्या एका खोलीत सहा माणसं. ती म्हणते, "आठवड्यात सुटका होत असंल तर घे की गं." पण तो आठवडा मिळेल याची खात्रीच नाही ना.

मला विचारायचंय ते असं. हा प्रयोग आहे की उपचार? दर वेळी जास्त डोस म्हणजे त्रासही जास्त का? आणि नाही म्हटलं तर आईकडे दुर्लक्ष करतील का?

बाभूळबन

सीनाकाठ, कागद घरी आणलेत ते अगदी बरोबर केलंत. मी ११ वर्षं स्टडी को-ऑर्डिनेटर आहे, म्हणजे त्या फाईलवाल्या मुलीचंच काम करते. म्हणून आधी सांगते, "आजच सही करा" हे कुणीही म्हणायचं नसतं. विचार करायला, घरच्यांशी आणि आपल्या गावच्या डॉक्टरांशी बोलायला वेळ मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तो आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बहुतेकांच्या पोटात तीच भीती असते. नाही म्हटलं तर नेहमीचा उपचार मिळालाच पाहिजे, त्याच डॉक्टरांकडून. हो म्हणून नंतर मन बदललं, तरी मधूनच बाहेर पडता येतं आणि कारण सांगायची सक्ती नाही. हे त्या कागदांतच कुठेतरी छापलेलं असेल. ते वाक्य शोधा आणि आईंना मोठ्यानं वाचून दाखवा.

शेवटच्या पानांवर दोन नंबर असतात. एक मुख्य डॉक्टरांचा, दुसरा एथिक्स कमिटीच्या सचिवांचा (पेशंटचं हित बघून चाचणीला मंजुरी देणारी समिती). तो दुसरा नंबर तुमच्यासाठीच असतो आणि त्यावर फोन क्वचितच जातो. सही झाली की संमतीपत्राची एक प्रत मागून घ्या. ती द्यावीच लागते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी स्टडीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर लागतो, नुसता शेवटी सहीपुरता नाही.

अजून एक. कागदावर सीटीआरआय नंबर शोधा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया. ही नोंदवही २००७ पासून आहे, नोंदणी २००९ पासून सक्तीची झाली, आणि २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. नंबरात वर्ष आणि महिना दोन्ही येतात. साईटवर तो टाकला की चाचणी कुठल्या हॉस्पिटलांत चालू आहे, कुणाला घेतात, काय मोजणार आहेत, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, सगळं फुकट बघता येतं. तुमच्या कागदावरचं आणि तिथलं जुळतंय का बघा.

आता कॉम्प्युटरबद्दल. हे मी स्वतः अनुभवलंय. एका औषधाच्या ट्रायलमध्ये आमच्याकडे एक काकू होत्या, माझ्या मावशीसारख्या दिसायच्या. त्यांना नवीन औषध मिळावं असं मला मनापासून वाटत होतं. माझ्या हातात असतं तर मी त्यांना तिकडेच घातलं असतं. डॉक्टरांच्या हातात असतं तर त्यांनी धडधाकट पेशंट तिकडे घातले असते. मग ते पेशंट बरे झाले ते औषधानं की मुळातच धडधाकट म्हणून, हे कधीच कळलं नसतं. म्हणून ती निवड आमच्या कुणाच्याच हातात ठेवत नाहीत.

आणि मराठी कागदांबद्दल माझी एक तक्रार आहे, ती आमच्याच लोकांबद्दल. इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावलेला असतो. "ही दुहेरी अंध चाचणी आहे" असं वाचून एका आजींनी मला विचारलं होतं, "बाळ, डोळं जायचं तर न्हाई ना?" तिथे फक्त एवढंच म्हणायचं होतं की कुठलं औषध कुणाला मिळतंय ते पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसेल. 'यादृच्छिकीकरण' (म्हणजे कॉम्प्युटरनं चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडणं) हा शब्द तर मलाही नीट उच्चारता येत नाही. असे शब्द आले की पेन्सिलनं खूण करा आणि डॉक्टरांना विचारा.

निवडुंग

बापूंना अडाणी समजू नका एवढीच विनंती. त्यांची भीती हवेतून आलेली नाही.

२००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मममध्ये (आता तेलंगणात) आणि गुजरातेत वडोदऱ्यात शाळकरी मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू) लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्मममध्ये त्यातल्या कित्येक मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. पालकांच्या सहीच्या जागी अनेक अर्जांवर वॉर्डननी सह्या केल्या होत्या. ७ मुलींचे मृत्यू झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, हे मीही मान्य करतो, आणि लस चांगली आहे हेही. पण त्या आईबापांना कुणी विचारलंच नव्हतं. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं यावर कडक अहवाल दिला.

त्याच सुमारास औषधांच्या चाचण्यांबद्दल इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका सुप्रीम कोर्टात होती. जानेवारी २०१३ मध्ये नुकसानभरपाईचा नियम आला, मग २०१९ मध्ये नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम. आज बाभूळबन ताई जे हक्क सांगताहेत, त्यांच्यामागे हे सगळं आहे. आपल्या लोकांनी भांडून मिळवलेत ते. म्हणून सीनाकाठ, सही कराल तर हक्कानं प्रश्न विचारून करा, आणि त्रास झाला तर खर्च कुणाचा, हे कागदात लिहिलेलं आहे का ते नक्की बघा.

गोदातीर

मला प्रयोग न झालेल्या उपचाराबद्दल सांगायचंय. म्हणजे प्रयोग झाला होता, निकाल लागला होता, तो आमच्यापर्यंत आला नव्हता.

एप्रिल २०२१, नाशिक. काका ऑक्सिजनवर. हॉस्पिटलनं चिठ्ठी दिली, प्लाझ्मा आणा (कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला पातळ भाग). मी आणि चुलतभाऊ तीन दिवस मोटारसायकलवर होतो. व्हॉट्सअॅपवर शंभर ग्रुप, रक्तपेढ्यांचे फोन लागत नव्हते. एक डोनर मिळाला तर त्याच्या अँटिबॉडी कमी निघाल्या. दुसरा सिन्नरहून आला, त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही. दोन पिशव्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी काका गेले.

नंतर कळलं की आयसीएमआरनं २०२० सालीच ३९ हॉस्पिटलांतल्या ४६४ पेशंटवर प्लाझ्माची चाचणी घेतली होती. प्लासिड तिचं नाव. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के लोकांचा आजार गंभीर झाला किंवा ते गेले, न दिलेल्यांपैकी १८ टक्के. काही फरक नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ते छापून आलं होतं. सरकारी उपचारपद्धतीतून प्लाझ्मा काढला मे २०२१ मध्ये.

ते मला त्या एप्रिलमध्ये माहीत असतं तर ते तीन दिवस मी रस्त्यावर घालवले नसते. वॉर्डबॉयच्या फोनवरून काकांशी बोलत बसलो असतो. ते दोनदा माझं नाव घेऊन विचारत होते म्हणे.

त्या ४६४ माणसांनी, त्यांच्या घरच्यांनी अशाच वेळी, घाबरलेले असताना सह्या केल्या होत्या. त्यांच्यामुळे आपल्याला कळलं. मी त्यांचा ऋणी आहे.

सीनाकाठ

गोदातीर दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. काय बोलावं सुचत नाही.

बाभूळबन ताई, पेन्सिल घेऊन बसले काल. अकरा ठिकाणी खुणा झाल्या. "प्रति अंशक मात्रा" म्हणजे काय ते कुणी सांगेल का?

कोयनाजळ

हे माझ्या रोजच्या कामातलं. मी इंग्लंडमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आहे, रेडिएशनचे प्लॅन करतो. मूळ कराडचा.

प्रति अंशक मात्रा म्हणजे एका खेपेचा डोस. डोस ग्रे या एककात मोजतात. आता तुमचा 'जास्त डोस'चा प्रश्न. तीन आठवड्यांच्या पद्धतीत एकूण ४० ग्रे, १५ खेपांत, म्हणजे दर खेपेला साधारण २.६७. एका आठवड्याच्या पद्धतीत दर खेपेला ५.२ ग्रे, पण एकूण फक्त २६. खेप मोठी केली की पेशींवर तिचा घाव जास्त बसतो, म्हणून एकूण डोस उतरवावा लागतो. तेव्हा आईंना दुप्पट रेडिएशन मिळेल असं अजिबात नाही.

हे २६ कुठून आले? इथे फास्ट-फॉरवर्ड नावाची चाचणी झाली. ९७ हॉस्पिटलं, ४०९६ पेशंट, २०११ ते २०१४ दरम्यान घेतलेले. तीन गट होते. १५ खेपांत ४०, ५ खेपांत २७, आणि ५ खेपांत २६. पाच वर्षांनी त्याच स्तनात किंवा त्या जागी कॅन्सर परत आलेल्यांचं प्रमाण ४० ग्रेच्या गटात २.१ टक्के, २७ च्या गटात १.७, २६ च्या गटात १.४. म्हणजे एक आठवडा कमी पडला नाही. पण २७ च्या गटात कातडी घट्ट होणं, सूज, दुखणं हे तीन आठवडेवाल्यांपेक्षा जास्त दिसलं. २६ मध्ये जवळपास सारखंच. एका ग्रेचा फरक! चार हजार बायका तयार झाल्या नसत्या तर हा एक ग्रे आम्हाला कधीच दिसला नसता. एप्रिल २०२० मध्ये निकाल आला. तेव्हा कोरोनामुळे हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी करायची घाई होती, त्यामुळे इथे तो लगेच वापरात आला.

सीनाकाठ

मग तिकडे सिद्ध झालंय तर इथे परत चाचणी कशाला? आणि आईसारख्या, स्तन काढलेल्या बायका त्यात होत्या का?

कोयनाजळ

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. होत्या, पण शंभरात सहा-सातच. बाकी सगळ्यांचा स्तन राखून फक्त गाठ काढलेली. शिवाय आजार बहुतेकींचा सुरुवातीचा. आपल्याकडे बायका गाठ अंगावर काढतात, मोठी झाल्यावर येतात, वय कमी असतं, स्तन काढावा लागतो, काखेतल्या गाठींनाही रेडिएशन द्यावं लागतं. त्यांच्यात पाच खेपांनी हात किती सुजतो, खांदा किती आखडतो, हे इथल्या आकड्यांवरून सांगता येत नाही. म्हणून कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरनं हायपोर्ट-अॅडज्युव्हंट ही चाचणी काढली, एक आठवडा विरुद्ध तीन आठवडे. तुमच्या आईंना विचारलं तीही त्याच प्रश्नाची असणार.

डाव्या बाजूचं आहे म्हणून डॉक्टरांना एक नक्की विचारा. हृदय कसं वाचवणार? श्वास भरून धरायला शिकवतात का? छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून थोडं मागे जातं.

टेकडीवरून

वय ७७. टायपिंगला वेळ लागतो, समजून घ्या.

ज्वारी आणि तीन आठवडे हे वाचून माझे वडील आठवले. १९५५ साली त्यांना क्षय झाला, मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. मी सात वर्षांचा. आई महिन्यातून एकदा घेऊन जायची. व्हरांड्यात लोखंडी खाटांची ओळ, सगळ्यांच्या अंगावर लाल ब्लँकेट. वडील लांबूनच हात करायचे, जवळ येऊ द्यायचे नाहीत. चौदा महिने. तेवढ्यात आमचं दुकान बुडालं.

त्या काळी सगळ्यांचीच समजूत अशी की क्षयाला विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न पाहिजे, घरी राहून तो बरा होणारच नाही, उलट घरच्यांना लागेल. १९५६ मध्ये मद्रासला हेच तपासून पाहिलं. १९३ पेशंट, बहुतेक गरीब, दाटीच्या घरांत राहणारे. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे घरी. गोळ्या दोघांना त्याच, वर्षभर. १९५९ मध्ये निकाल आला. घरचे पेशंट जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. जेवणखाण सॅनेटोरियमवाल्यांचं चांगलं होतं, तरीसुद्धा. त्यानंतर जगभर क्षयाचा उपचार घरी राहून व्हायला लागला.

वडिलांसाठी ते चार वर्षं उशिरा आलं. पण माझ्या धाकट्या बहिणीला १९६८ मध्ये क्षय झाला तेव्हा ती घरी राहून, शाळा न बुडवता बरी झाली.

माणसाला घरापासून किती दिवस लांब ठेवायचं, हाही औषधाइतकाच तपासून बघायचा प्रश्न आहे. आईंना माझा नमस्कार सांगा.

मोगरा_बार्शी

टेकडीवरून काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

माझी आई अशाच एका मोठ्या चाचणीत होती. १९९९-२००० चा सुमार, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी. गावागावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाच्या वर बायका. आमच्या गावात बाया आल्या, शाळेत बसून सगळ्यांना समजावलं. आजी म्हणाली, असलं काही दाखवायचं नसतं. आई गेली. नंतर जीपनं बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात पुढच्या तपासणीला नेलं, काही निघालं नाही. तिला पुढे कित्येक वर्षं माहीतच नव्हतं की तो एवढा मोठा अभ्यास होता.

२००९ मध्ये निकाल आला. एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात ३४ मृत्यू, काहीच तपासणी नसलेल्या गटात ६४. पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या पेशी काढून तपासणं) आणि व्हिनेगर लावून बघायची पद्धत, यांनी मात्र मृत्यू ठळक कमी झालेले दिसले नाहीत.

निवडुंग

मोगराताई, तुमच्या आईंचा मोठेपणा आहेच. पण त्या ६४ जणींचं काय? तपासणी न मिळालेली गावं होती ती. यावर तेव्हापासून वाद आहे आणि मला तो योग्य वाटतो.

बाभूळबन

मलाही वाटतो. "त्या भागात नाहीतरी तपासणी होतच नव्हती, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलं नाही" हे उत्तर देतात. ते खरं आहे, पण मला पुरत नाही. ज्यांना कमी मिळणार त्यांना ते आधी स्वच्छ सांगितलंच पाहिजे, आणि निकाल लागल्यावर आधी त्यांच्या दारात गेलं पाहिजे.

सीनाकाठ, तुमच्या बाबतीत हा फरक नीट लक्षात घ्या. तुमच्या आईंना कुठलाही गट मिळाला तरी पूर्ण उपचार मिळणार आहे. बिनउपचाराचं कुणी राहणार नाही. तीन आठवडे मिळाले तर स्टडीत नसत्या तर जे मिळालं असतं तेच. फक्त पुढची पाच-दहा वर्षं तपासण्या जास्त नेमानं होतील. त्या फेऱ्यांचं गाडीभाडं देणार का, हे मात्र आत्ताच विचारून घ्या.

सीनाकाठ

सगळ्यांना सांगायला उशीर झाला, माफ करा. गेले काही दिवस मोबाईल हातात घ्यायला वेळ नव्हता.

प्रश्न वहीत लिहून नेले. बापूंनाही नेलं. मी आधीच सांगितलं, बसून बोलायचंय. डॉक्टरांनी ओपीडी संपल्यावर पाऊण तास दिला. बापूंनी सरळच विचारलं, "तुमची आई असती तर सही केली असती का?" डॉक्टर थोडं थांबून म्हणाले, कुठला गट चांगला हे मला खरंच माहीत नाही, माहीत असतं तर स्टडी काढलाच नसता. बापू तिथे निवले. नंतर बाहेर येऊन मला म्हणाले, माणूस खोटं बोलला नाही. हृदयाचं विचारलं, श्वास धरायची पद्धत आहे म्हणाले, आईला दोन दिवस सराव दिला. सीटीआरआयवर नंबर सापडला, सगळं जुळलं. फेऱ्यांचं भाडं मिळणार, तेही कागदात दाखवलं. फाईलवाल्या मुलीनं या वेळी खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसून सगळी पानं वाचून दाखवली.

आईनं सही केली. कॉम्प्युटरनं तीन आठवडे दिले.

मला वाईट वाटलं. आई गप्प बसली थोडा वेळ, मग म्हणाली, "बरं, म्हंजे दुसऱ्या कुनाला आठवड्याचं मिळालं असंल की." ज्वारी चुलत्यांनी काढून दिली, कडबा तेवढा रानात आहे.

आज नववी खेप झाली. सकाळी मामाच्या खोलीत आई श्वास धरायचा सराव करते आणि मामाची धाकटी मोठ्यानं आकडे मोजते. काल पंचवीसपर्यंत गेली. संमतीपत्राची प्रत आईनं रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीय.

काखेजवळची कातडी काळवंडलीय आणि खाजतेय. डॉक्टरांनी मलम दिलंय. सुती ब्लाउज सैल शिवून घेतला तरी शिवण तिथेच घासते. कुणी याला काही तोड काढली असेल तर सांगा.

मोगरा_बार्शी

बाहीची शिवण उसवून टाका आणि जुन्या मऊ धोतराचा तुकडा आतून लावा. माझ्या मावशीला तसंच केलं होतं. पट्टीनं चिकटवू नका, कातडी सोलते. आणि एकदा डॉक्टरांना दाखवाच.